रिकामे कंस

१२ जानेवारी

मालक,

फोन तू उचलत नाहीस. माझी मेल परस्पर कचऱ्यात जाईल अशी सोय तू करून ठेवली आहेस. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदाचं एक बरं असतं, फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो, आणि हातात घेतला की पहिली ओळ वाचली जातेच. वाचलीस ना? मग आता बस आणि पुढचंही वाच.

काल तुझ्या बायकोचा फोन आला होता. जिन्यातून बोलत होती, आवाज दाबून. "ताई, अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे काय हो? सकाळपासून स्क्रीनवर लाल अक्षरं येतायत. हा आणि तुमच्या जागी आलेला तो टायवाला एकमेकांवर ओरडतायत. ते अ‍ॅबस्ट्रॅक्ट काढून टाकता येत नाही का?"

मी विचारलं, "त्याने विचारायला सांगितलं की तू आपणहून विचारतेयस?"

"इथे रेंज नाही हो," वहिनी म्हणाली. म्हणजे तूच सांगितलंस. सख्ख्या बहिणीला ऑफिसातून बाहेर काढून वर्ष उलटून गेलं, आणि तिला एक प्रश्न विचारायचा तर अजून बायकोला जिन्यात पाठवावं लागतं तुला.

उत्तर देते. मदत म्हणून देत नाहीये. तुला नेमकं काय येत नाही ते तुझ्या लक्षात यावं, एवढीच इच्छा आहे.

आपल्या कंपनीच्या (सवयीने आपल्या लिहिलं गेलं, तुझ्या) जेवढ्या थंड खोल्या चालतात, रक्तपेढीची, फुलवाल्याची, आइस्क्रीमवाल्याची, त्या सगळ्यांच्या मुळाशी मी लिहिलेला एक क्लास आहे, म्हणजे कोडमधला साचा. नाव 'थंडखोली'. आता मला सांग, नुसती थंडखोली तू कधी पाहिलीस? रक्ताची पाहिली असशील, फुलांची पाहिली असशील. कशाचीच नसलेली, नुसती थंड खोली कुठेच नसते. ती कल्पना आहे. जी कोणी थंड खोली म्हणवून घेईल तिला काय काय आलंच पाहिजे, एवढं ती सांगते. तापमान मोजता आलं पाहिजे, दार उघडं की बंद ते कळलं पाहिजे, आणि काही बिघडलं तर बोंब मारता आली पाहिजे. म्हणून मी तिला अ‍ॅबस्ट्रॅक्ट केलं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासपासून थेट वस्तू बनत नाही. आधी त्याचं मूल लिहावं लागतं, मग त्या मुलाची वस्तू बनते. तुझा टायवाला काल सकाळपासून नुसती थंडखोली उभी करायला बघतोय आणि कोड तपासणारा कंपायलर त्याला लाल अक्षरांत सांगतोय, की बाबा रे, अशी वस्तू नसते.

मी आता संध्याकाळी शिकवते, सायकलच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. खालून पंक्चरचा वास येतो आणि वर आम्ही क्लास लिहितो. मुलांना अ‍ॅबस्ट्रॅक्ट पटकन समजत नाही. मग मी तुझं उदाहरण देते. 'मालक' हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास आहे म्हणते. मालकाला काय काय करता यायला हवं ते सगळं छान लिहून ठेवलेलं आहे, पण नुसता मालक आणून खुर्चीत बसवला तर त्याला त्यातलं काहीही येत नाही. मुलं हसतात. परीक्षेतही तू येतोस, पाच मार्कांना.

ते काढून टाकता येईल का? येईल. एक शब्द खोडला की झालं. पण खोडू नकोस. का, ते ऐकायचं असेल तर स्वतः फोन कर. जिना चढून दम लागतो तिला.

प्रवेश बंद केलेली,
ताई


२० जानेवारी

वारसदार,

माझं पत्र तू भिंतीवर भिरकावलंस असं कळलं. कागदाला लागत नाही, काळजी नको. भिरकावताना म्हणालास म्हणे, "कंपनी माझ्या नावावर आहे. कोडही माझाच आहे. तिने मला शिकवू नये."

अगदी बरोबर. कोड तुझाच आहे. बाबांनी तुला दिला.

ती दुपार तुला आठवते का बघ. बाबा पलंगावर टेकून बसले होते. फ्रीज दुरुस्त करता करता त्यांनी ही कंपनी उभी केली, मी त्या कंपनीला डोकं दिलं, आणि तू व्हिजिटिंग कार्डं वाटलीस. बाबा मला म्हणाले, "तू हुशार आहेस. तुझं कुठेही भागेल. त्याला कोण विचारणार?" हुशारीची एवढी मोठी शिक्षा मी दुसऱ्या कोणाला झालेली पाहिली नाही. मी ओरडले. असं ओरडले की शेजारच्या काकू चपला न घालता धावत आल्या. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आणि तू? तू नखं बघत बसला होतास. एक शब्द बोलला असतास, "बाबा, हे ताईचंही आहे", एवढा एक, तर मी तुला सगळं देऊन टाकलं असतं. खरंच दिलं असतं. नखंच बघत बसलास.

मग तो सोमवार. मी नेहमीसारखा पासवर्ड टाकला आणि स्क्रीन म्हणाली, प्रवेश नाही. वळून बघितलं तर माझ्या खुर्चीच्या पाठीवर कोणाचा तरी कोट लटकत होता, कोटाच्या खिशातून टाय लोंबत होता. तेव्हाही तू समोर नव्हतास. 'मीटिंगमध्ये' होतास.

असो. धड्याकडे येते, नाहीतर पुन्हा भिरकावशील.

इनहेरिटन्स म्हणजे वारसा. थंडखोलीपासून रक्तखोली काढली की थंडखोलीचं सगळं तिला आपोआप मिळतं. मोजणं, नोंद ठेवणं, दाराची खबर, काही पुन्हा लिहावं लागत नाही. मुलाने राबायचं नाही, नुसतं जन्माला यायचं. इथपर्यंत वाचून तुला बरं वाटलं असेल.

पण वरच्याने जे प्रायव्हेट म्हणून ठेवलं, ते मुलाच्या पोटात असतं आणि हाताला लागत नाही. थंडखोलीचं ठरलेलं तापमान मी प्रायव्हेट ठेवलं. ते बदलायचं असेल तर रीतसर विनंती करायची, आणि विनंती वेडगळ असेल तर खोली नाही म्हणते. याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. ते तिथे का आलं, माहीत आहे? तुझ्यामुळे. प्रदर्शनात फुलवाल्यावर छाप पाडायची म्हणून तू थेट आत हात घातलास आणि आकडा बदललास. "बघा किती गार होतं!" आणि त्या बिचाऱ्याचे गुलाब काचेचे झाले. त्याने एक उचलला तर पाकळ्या टणटण आवाज करत टेबलावर पडल्या. त्याच संध्याकाळी मी आकड्याला कुलूप घातलं आणि एक छोटी खिडकी ठेवली. ते कुलूप जगातल्या चोरांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे.

बाबांचंही तसंच. कॉम्प्रेसरला कान लावून ते सांगायचे, हा अजून आठवडा काढेल, हा आजच जाईल. तो कान तुझ्या रक्तात कुठेतरी असेलही. तुझ्या हाताला लागला का कधी?

आणि वारशातली एक गोष्ट अशी आहे की ती मिळतच नाही, आपली आपण करावी लागते. 'बोंबमार'. बाबांचाच शब्द तो. "मशीन बिघडणारच. बिघडू दे. पण बिघडलं तर त्याने बोंब मारली पाहिजे." तू मला म्हणाला होतास, गिऱ्हाईक काय म्हणेल, त्याचं नाव 'अलर्ट' ठेव. मी ठेवलं नाही. बोंबमार हे फंक्शन, म्हणजे खोलीला यायला हवं असं एक काम, थंडखोलीत नुसतं नावापुरतं आहे, आत काही लिहिलेलं नाही, मुद्दामच. कारण रक्ताची बोंब वेगळी आणि आइस्क्रीमची वेगळी. रक्त बिघडायला लागलं तर खोलीने थेट डॉक्टरला फोन करायचा. आइस्क्रीम वितळलं तर दुकानात घंटा वाजली तरी पुरे. म्हणून प्रत्येक मुलाने आपली बोंब आपण लिहायची. लिहिली नाही तर कंपायलर त्याची वस्तू बनू देत नाही. मी गेल्यावरही तुम्हाला टाळाटाळ करता येऊ नये, म्हणून मी ते तसं ठेवलंय.

हे समजलं असेल तर दूधखोलीचं काय करायचं ते कळेल. हो, मला माहीत आहे. प्रसूतीच्या इस्पितळाचं काम तुला मिळालं आहे. ज्या आयांना जास्त दूध येतं त्या ते देतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या पोरांसाठी ते गोठवून ठेवतात. चांगलं काम आहे. माझ्या हातून व्हायला हवं होतं.

कोट लटकवायच्या खुर्चीची जुनी मालकीण,
ताई


४ फेब्रुवारी

राजा,

बाबांनी ठेवलेल्या नावाने हाक मारते आहे, कारण आज मी खुशीत आहे.

तुझा निरोप मिळाला. वहिनीने जसाच्या तसा वाचून दाखवला: "तिला सांग, काम झालं. तिची गरज लागली नाही. टायवाल्याने दोन कंस टाकले आणि सगळी लाल अक्षरं गेली. पुढच्या शुक्रवारी उद्घाटन आहे."

दोन कंस! वा. अभिनंदन कर त्याचं माझ्यातर्फे.

एकच विचारते. दूधखोलीच्या बोंबमारला त्याने जे दोन कंस टाकले, एक उघडा आणि एक बंद, त्यांच्या मधे काय लिहिलं आहे? एका ओळीत कळव. वहिनीकडून नको. तू कळव, तुझ्या हाताने किंवा तुझ्या तोंडाने. चार शब्द पुरतील.

वाट बघते आहे.

ताई


१० फेब्रुवारी

राजे,

हे पत्र मी आज टाकणार नाहीये. उद्घाटनाच्या दिवशी, रिबन कापायच्या वेळेला पेटीत टाकीन, म्हणजे तुला ते सगळं होऊन गेल्यावर मिळेल. माझ्या सगळ्या पत्रांत हे एकच असं आहे की जे तुला आधी मिळू नये असं मला मनापासून वाटतं.

तुझी एक ओळ आली नाही. आला तो पुन्हा वहिनीचा फोन. "ताई, तो म्हणाला, कंसांत काय असायचंय? कंस बंद केले की झालं, असं टायवाला म्हणतो."

म्हणजे मधे काही नाही. मला वाटलंच होतं. शिकवायला लागल्यापासून हे मी दर खेपेला बघते. कंपायलर ओरडतो, 'बोंबमार लिहिलं नाही'. मुलं घाबरतात, नाव लिहितात, पुढे दोन कंस टाकतात आणि मधे काहीच लिहीत नाहीत. कंपायलरचं समाधान होतं. तो एवढंच बघतो की फंक्शन आहे का. आहे. त्यात काही आहे का, ते तो विचारत नाही. लाल अक्षरं जातात आणि सगळे खूश होतात. आणि मग एक दिवस खोलीतलं तापमान चढतं, खोली बोंबमारला हाक मारते, बोंबमार इमानाने येतं, काहीही न करता निघून जातं. तोंड उघडतं, आवाज येत नाही. कुठे एरर नाही, कुठे लाल अक्षर नाही. सगळं सुरळीत. आणि दूध वितळत असतं.

लपवत नाही, दोन दिवस मला फार मजा वाटली. भांडी घासताना हसायला यायचं. मी काहीच करायचं नव्हतं! नुसतं घरात बसायचं होतं. कधीतरी कोणीतरी दार नीट लावायला विसरलं असतं, आणि सगळ्या शहराला कळलं असतं की बाबांचा राजा कोण आहे. तुझं नाव, तुझी कार्डं, तुझा टायवाला, सगळं एका सकाळी मातीत गेलं असतं. अशा विचाराने माणसाला भूक चांगली लागते, हे मी अनुभवाने सांगते.

मग मी त्या इस्पितळात गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. तुझ्या हाताची करामत बघून घ्यावी असं वाटलं असेल. काचेच्या पलीकडे उबेच्या पेट्यांत पोरं ठेवली होती. त्यातलं एक ओंजळीत मावेल एवढं. नाकात नळी. नर्स नळीतून दूध सोडत होती, थेंब थेंब, आणि त्या थेंबाबरोबर ते इवलंसं पोट हलत होतं. माझी मजा तिथेच संपली. तुझ्यावर सूड घ्यायचा आहे तो तुझ्यावर. यांनी माझं काय केलंय?

पण सूड सोडून द्यावा असंही मला वाटलं नाही. हे तुला नीट समजावं म्हणून लिहून ठेवते.

दूधपेढीच्या डॉक्टरीणबाईंना भेटले. त्या मला ओळखतात, तुला बहुतेक हे ठाऊक नसेल. पूर्वी त्या रक्तपेढीत होत्या. "तुमच्या त्या खोलीने मला एकदा अंगाला साबण असताना फोन केला होता," म्हणाल्या. "शिव्या घालत आले. पण रक्त वाचलं." मी त्यांना कंसांची गोष्ट सांगितली. त्यांना प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण 'बोंब मारणार नाही' हे एका क्षणात कळलं. त्या लगेच तुला फोन लावायला निघाल्या होत्या. मी त्यांचा हात धरला.

"उद्घाटनाला आत दूध ठेवू नका," मी म्हटलं. "पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. आणि पाहुण्यांसमोर दार उघडं ठेवा. तेवढंच."

त्यांनी फोन खाली ठेवला. "तुम्हाला त्याला आधी सांगता आलं असतं," म्हणाल्या.

"मी विचारलं होतं त्याला," मी म्हटलं. "एका ओळीत उत्तर दे म्हणून."

बस्स, आता तयारी झाली. शुक्रवारी मी मागच्या रांगेत असेन. तू मला बघणार नाहीस, तू पुढे बघत असशील.

ताई


१५ फेब्रुवारी

राजा,

आधीचं पत्र एव्हाना मिळालं असेल. शुक्रवारी तू बहुतेक वेळ मान खाली घालून उभा होतास, म्हणून तुला न दिसलेलं सांगते.

तुझं भाषण छान झालं. 'माझ्या वडिलांचं स्वप्न', 'आमच्या टीमची मेहनत'. बहीण हा शब्द आला नाही. मी कान देऊन ऐकत होते. मग रिबन, मग टाळ्या. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, पायातली एक चप्पल काढली आणि दाराखाली सरकवली. "पाहुण्यांना आत बघू दे," म्हणाल्या. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि चेहऱ्यावर काही नाही. त्या बाईंना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

बाहेरच्या पडद्यावर उणे वीस दिसत होतं. मग उणे सतरा. गार हवा आमच्या घोट्यांपर्यंत आली, बायकांनी पदर-ओढण्या आवळल्या. उणे तेरा झालं तेव्हा तू हसून म्हणालास, "मॅडम, दार लावून घेऊया का? गारवा जातोय."

"मी कशाला लावू?" बाई म्हणाल्या. "खोली सांगेल ना मला. रक्ताची खोली सांगायची."

उणे नऊ. टायवाला फोनवर अंगठे आपटत होता. त्याच्या कपाळावर घाम, आणि तोही त्या गारठ्यात. उणे सहा. तू पडद्याकडे बघितलंस, टायवाल्याकडे बघितलंस आणि मग, राजा, मी शपथेवर सांगते, तू तुझी नखं बघायला लागलास. मला जे हवं होतं ते सगळं त्या क्षणी माझ्या पदरात पडलं. इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं. सगळ्या शहरासमोर तू गप्प होतास आणि तुझी खोलीही गप्प होती.

आणि मग बोंब आली.

वहिनी. तुझ्या बाजूलाच उभी होती, नवीन साडी, हातात फुलांचा गुच्छ. जिन्यातून कुजबुजणारी वहिनी. एवढ्या मोठ्याने ओरडली की मागच्या रांगेत मी दचकले. "अरे, बघत काय उभा राहिलायस? वितळतंय सगळं! पोरांचं दूध आहे ते! ताईंना विचार, ताईंना विचार म्हणून घसा कोरडा पडला माझा, तर तुझी जीभ झडते!" गुच्छ फेकून धावली, चप्पल लाथेने उडवली आणि दार दोन्ही हातांनी दाबून धरलं, जणू कोणी आतून ढकलतंय. खांदे हलत होते तिचे.

आत पाणी आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. ते एक मला लागलं. बाकी कशाचाही मला पश्चात्ताप नाही, पण ते लागलं. मी पुढे गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कानात म्हटलं, "पाणी आहे, वहिनी. नुसतं पाणी." ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता माझ्यावर ओरडेल, आणि तो तिचा हक्क होता. ती म्हणाली, "मग त्याला आज तरी सांगू द्या ना तोंडाने." आणि तुझ्याकडे बघितलं.

तू निघून गेला होतास. गाडीत बसला होतास.

त्या खोलीचं काम यापुढे एकाच माणसाने करायचं, म्हणजे मी, असं डॉक्टरीणबाईंनी परवा ठरवलं. दूधखोलीची बोंबमार मी लिहून दिली, रीतसर, माझ्या नावाने. पोरांना तुझं तोंड उघडायची वाट बघायला मी लावणार नाही. ती खोली आता तीन ठिकाणी ओरडते: नर्सकडे, डॉक्टरकडे आणि माझ्याकडे. तुझ्या कंपनीचा तिथला फलक उतरवला. त्याच्या चार खिळ्यांची भोकं भिंतीत राहिली आहेत, ती बुजवायला मी कोणाला सांगितलेलं नाही.

ताई


१ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पहिलंच. पाकिटावर तुझं अक्षर होतं. वर्गातली मुलं येऊन बसली होती, तरी त्यांना थांबवून मी ते उघडलं.

वर लिहिलं आहेस, 'ताई'. पुढे स्वल्पविराम. आणि अगदी तळाशी, 'तुझा धाकटा'.

मधे काही नाही.

कागद उलटा केला. उजेडाला धरला. एखादं पान पाकिटात अडकलं असेल म्हणून पाकीट फाडून बघितलं. नाही. वर एक, खाली एक, मधे पांढरं. वहिनी म्हणते तू त्याच्यापुढे रविवारभर बसला होतास, पेनचं टोपण चावून चावून सपाट केलंस. मला पटतं ते. तू वाईट आहेस असं मी कधी म्हटलं नाही. तुझे कंस रिकामे आहेत, एवढंच माझं म्हणणं आहे. बाबांच्या पलंगाशी रिकामे, त्या सोमवारी रिकामे, उद्घाटनाला रिकामे. आणि दर वेळेला तुझं चालून गेलं, कारण कोणी आत बघत नव्हतं.

मी कंपायलर नाही. नाव दिसलं की पास करणारी मी नाही.

वहिनी विचारत होती, ताई परत येणार का. टायवाला गेला, रक्तपेढीवाले विचारायला लागले आहेत, ऑफिसात माझी खुर्ची रिकामी आहे. तिने हे सगळं जिन्यातून नाही, भर ऑफिसात, तुझ्यासमोर उभं राहून विचारलं. फोनवर मला तुझा श्वास ऐकू येत होता. तिला मी सांगितलं आणि तुलाही सांगते: तिने बोंब मारली ती तिची होती. तुझ्या खात्यात ती धरता येत नाही. बायकोने केलेलं चालत नाही, बापाकडून येत नाही, बहीण लिहून देऊ शकत नाही. ज्याची त्याने करायची, मी ती तशीच ठेवली आहे, मुद्दाम.

परत यायचं की नाही ते मी तू बोलल्यावर ठरवीन. सायकलच्या दुकानाच्या वर, संध्याकाळी. मुलं समोर असतील. त्यांना तू ओळखीचा आहेस, पाच मार्कांचा. तिथे उभा राहा आणि थंडखोली कोणी लिहिली ते त्यांना मोठ्याने सांग. खाली पंक्चरवाल्यालाही ऐकू गेलं तर उत्तम.

ते जमत नसेल तर लिहून पाठव. तुझाच कागद सोबत परत पाठवते आहे. वर मी आहे, खाली तू आहेस, मधे जागा भरपूर आहे.

ताई